डाव्या बाजूचा आवाज

ही गोष्ट माझ्या आजोबांची. आसाराम कंपाउंडर यांची. त्यांनी गळ्याला हात लावून सांगितलेली. पटणार नसेल तर इथंच थांबा.

घाटनांदूरचा दवाखाना. निजामाचं राज्य, सन १९२२. चैत्रातली भर दुपार.

धर्मापुरीचा मेंढपाळ गहिनीनाथ आपल्या पाच वर्षांच्या लेकीला, बायनाला, खांद्यावर टाकून आला. घटसर्प. घसा बंद होत चालला होता. पोरगी निळी पडली होती.

श्वासनळीत घालायच्या रबरी नळ्या दोनच होत्या. एक जाड, एक बारीक.

"साहेब, बारीक घ्या. पोरीची करंगळी बघा, एवढीशी हाय," आजोबा म्हणाले.

डॉक्टरसाहेब हैदराबादचे. "पाँच साल की है. मोटी लगेगी. तुम दवा घोलो जी."

जाड नळी शिरलीच नाही. रक्त आलं. गहिनीनाथ भिंतीवर डोकं आपटायला लागला. आजोबांनी त्याला बाहेर काढून दार लावलं.

मग बारीक नळी. तोंडापासून गळ्याच्या खड्ड्यापर्यंत मोजून आजोबांनी तिच्यावर दोरा बांधला.

"दोऱ्यापर्यंतच, साहेब. त्याच्या म्होरं न्हाई."

साहेबांनी दोरासुद्धा आत ढकलला.

हवा गेली... पण छातीची उजवी बाजूच हलली.

डावी... दगडासारखी.

"नळी लई आत, उजव्याच फुफ्फुसात गेली, साहेब! मागं घ्या!"

"चुप! डॉक्टर तुम है या मैं?"

पोरीची नखं काळी पडत होती आणि हा माणूस ऐकतच नव्हता. त्यांनी स्टेथोस्कोप उचलून तिच्या डाव्या बरगडीवर टेकवला.

श्वास नाही.

काहीच नाही...

मग अगदी आतून... बाईचा आवाज आला.

"मागं घे... दोन बोटं..."

खोलीत बाई नव्हती. पोरीचे ओठ हलले नव्हते.

आजोबांनी स्टेथोस्कोप साहेबांच्या कानात कोंबला. "घ्या! तुमीच ऐका!"

साहेब ऐकत राहिले. तोंड पांढरंफटक पडलं. त्यांनी नळी दोन बोटं मागं ओढली.

डावी बाजू वर उचलली गेली.

बायना वाचली. तिची आई तेव्हा मेंढरांपाशी होती, धडधाकट. म्हणजे आवाज तिचाही नव्हता.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "वो औरत कौन थी? हमारे घर जैसी उर्दू बोली."

आजोबा गारच पडले. त्यांना तर आपल्याच बोलीत ऐकू आलं होतं.

आठवड्यात साहेब बदली घेऊन गेले.

आजोबा मरेपर्यंत चिडून म्हणायचे, "म्या तीनदा सांगितलं. तीनदा! ऐकलं न्हाई. तिनं एकदाच सांगितलं."

"ती म्हणजे कोण, आजोबा?"

"मला ठाव असतं तर सुखानं झोपलो न्हसतो का रं?"