दोन नंबरच्या खाटेचा नमुना

सोमवार, २२ जानेवारी १९९६, सकाळी साडेदहा. सुरतेतल्या एका रुग्णालयाची तंत्रज्ञ वंदना सहा वर्षांच्या निंबाच्या घशातला नमुना घ्यायला विलगीकरणाच्या खोलीत शिरली. मुलाला ताप होता, धाप लागत होती. नमुन्यात विषाणू निघाला नाही, तर त्याला जनरल वॉर्डात आईजवळ हलवणार होते. तोवर आई काचेबाहेर.

आई तारा, सुरतेतल्याच गोडादऱ्याची, कापडाच्या लूमवर काम करणारी. लूमच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. त्यांची पोरंही शिकतात. काचेतून मायलेकांचं असंच चाललं होतं.

निंबा तोंड उघडेना. वंदनानं दार किलकिलं केलं. "काय म्हणतोय हो हा?"

"बाजूवालाना बी ल्या म्हनस, बेन. मंगच तोंड उघडसू."

बाजूची खाट रिकामी होती. चादरीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"बरं बाबा, घेते. तुझ्या दोस्ताला सांग, चावायचं नाही." वंदनानं कापसाची काडी कोरड्या उशीवर फिरवली, कुपीत घातली आणि त्याच्या देखत वर 'खाट दोन' लिहिलं. निंबानं आ केला. घाईत दोन्ही कुप्या बर्फाच्या डब्यातून पुण्याच्या प्रयोगशाळेत गेल्या.

अहवाल आला. खाट एक, विषाणू नाही. खाट दोन, विषाणू आहे.

"कुप्या बदलल्या गेल्यात," वॉर्डाचे डॉ. योगेंद्र म्हणाले. निंबा आतच राहिला.

"मना पोर बरा शे, साहेब," तारा म्हणाली. "माले आत जाऊ द्या."

डॉक्टरांनी दोन्ही नमुने पुन्हा घेतले, स्वतःच्या हातानं. उत्तर तेच आलं. या वेळी उशीवरून उचललेली काडी ओली होती.

निंबाला आईजवळ हलवलं. खोलीला कुलूप लागलं. त्या उशीचा नमुना डॉक्टर मात्र घेत राहिले. का, ते कुणाला बोलले नाहीत.

तारा येताजाता त्या काचेशी थांबायची. ओठ हलायचे.

"कुणाशी बोलता?" वंदनानं विचारलं.

"बाजूवाला इचारस, मना रिपोर्ट कधी येई?"

दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी तो आला. खाट दोन, विषाणू नाही.

डॉक्टरांनी खोली उघडायला सांगितली.

रविवारी निंबाला घरी सोडायचं होतं. सकाळी वंदना वॉर्डात गेली, तेव्हा तो खाटेच्या अगदी कडेला अंग चोरून झोपला होता. तारा दुसऱ्या बाजूला बसून मधल्या जागेवर पांघरूण नीट करत होती.