बाहेरची कडी

"मग नळाचा वायसर काय आपोआप बदलला? तुमच्याकडे दुसरी चावी आहे, आजी. मी नसताना तुम्ही खोलीत शिरता!"

"शिरते?" आनंदीबाईंनी हातातली पकड कठड्यावर आपटली. "गो प्रिती, नवरा गेल्यापासून माझी नि ही भाड्याची, दोन्ही खोल्यांची डागडुजी मी माझ्या हातानं करते. पण दार वाजवून! अख्ख्या लालबागेत विचार कुणालाही."

"मग कोण करतं?"

दिवस कलला होता. चाळीच्या गॅलरीत अंधार साचत होता. तक्रारच मोठी विचित्र. भाडेकरू भांडतात ते मोडलेलं दुरुस्त होत नाही म्हणून. हिंदमाताच्या साडीच्या दुकानात दिवसभर उभी राहून आलेली ही पोर, न सांगता दुरुस्त होतं म्हणून भांडत होती. आधी गळका नळ थांबला, मग खिडकीची करकर गेली. आता खोली सोडते म्हणत होती, आणि जाताना चाळभर सांगणार होती, म्हातारी चोरपावलांनी आत शिरते म्हणून. खोली रिकामी राहिली असती तरी चाललं असतं. नावाला डाग आनंदीबाईंना खपणारा नव्हता.

त्या तणतणत आत गेल्या. खिडकीच्या बिजागऱ्यांवरून बोट फिरवलं. स्क्रूच्या खाचा सगळ्या उभ्या, एका ओळीत. असलं नखऱ्याचं काम त्यांनी कधी केलं नाही. ते करायचा गुणाजी, त्यांचा नवरा, गिरणीतला फिटर. मोरीकडून मशीनच्या तेलाचा वास आला...

"आणि हे?" उंबऱ्यात उभ्या प्रितीनं दार अर्धवट ओढलं. "बाहेरून कडी कशाला ठोकलीत? आतल्या माणसानं करायचं काय?"

आनंदीबाईंनी वाकून पाहिलं.

संशयी गुणाजी पाळीला जाताना रोज हीच कडी घालून जायचा. तो परत येईपर्यंत त्या ह्याच खोलीत कोंडलेल्या. तो गेला त्याच आठवड्यात त्यांनी ती उखडून शिवडीच्या खाडीत फेकली होती. भोकांत लांबी भरून वर रंग फासला होता. त्यांच्या हातची ती पहिली दुरुस्ती.

आता ती तिथंच होती. ओली. सांध्यातून खाडीचा काळा गाळ ठिबकत होता.

"बोला ना, आजी! एवढ्या तावातावानं..."

आनंदीबाईंचा आवाज अगदी खाली आला.

"मी बाहेर येईपर्यंत दार उघडं धरून ठेव, पोरी... ही कडी तुझ्यासाठी नाही लावलेली."