आक्काचा नंबर

त्या एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत टँकर चौथ्या दिवशी यायचा. लातूरचे नळ दोन महिने कोरडे होते. लोक विजेच्या खांबापासून घागरी, ड्रम, रंगाचे डबे ओळीनं लावत आणि प्रत्येक भांड्यामागं घरातलं कुणीतरी बसून राही. माणूस उठला की भांडं ओळीबाहेर. नियम कुणी लिहिला नव्हता, पण मोडतही कुणी नव्हतं.

मला बसवत नसे. गुडघे धरतात. माझ्या दोन घागरी शेजारच्या तुळजाबाई भरून घेत. शिवाय मी आता जाणारच होते. माझा मुलगा मन्मथ हे घर विकून मला पुण्याला नेणार होता. १९८२ साली जिल्हा नवा झाला तेव्हा नांदेडहून इथल्या मोजणी कार्यालयात बदली होऊन आले, मग हे घर बांधलं. त्याची आठ खोकी झाली. बाकीचं वाटून टाकलं. देताना काही वाटलं नाही. माणूस थकला की वस्तू नुसत्या जड होतात.

"बाई, तुमची पाहुणी पोरगी लई गुणाची," एका सकाळी तुळजाबाई म्हणाल्या.

"कोण पोरगी?"

"ती बिंदगी घेऊन बसलेली. म्हणली, आक्काचा नंबर हाय. एवढ्या उन्हात जागची हालंना. पाणी देऊ केलं तर घेईना."

"माझ्याकडं कुणी आलेलं नाही."

"बरं, नगा सांगू. आमी काय तुमच्या पाहुणीच्या वाटचं पाणी मागत न्हाई."

मी चहा संपवून बाहेर गेले. ओळीच्या शेपटाला, किराणा दुकानापाशी, निळ्या प्लास्टिकच्या घागरींमध्ये एक पितळी बिंदगी होती. एका कडेवर मावेल एवढी. आजकाल पितळेचं भांडं रस्त्यावर कुणी ठेवत नाही. मागं कुणी नव्हतं. मी वाकले. गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं होतं. शिवकांता संगप्पा. माझं आणि बाबांचं नाव.

मी आयुष्यभर मोजणीत काम केलं. एकदा मोजलेलं पुन्हा मोजायची सवय आहे. अक्षरांवरून दोनदा बोट फिरवलं. नाव घालणाऱ्याचा हात 'व'वर घसरला होता, तो ओरखडाही तिथंच होता.

ती बिंदगी बाबांनी बहात्तर सालीच मोडीत घातली होती. माझ्यासमोर हातोड्यानं चपटी करून.

बहात्तरच्या दुष्काळात औशाजवळच्या आमच्या गावी एकाच विहिरीला पाणी होतं. तिथंही असाच नंबर. मी सतरा वर्षांची होते, नांदेडला नोकरीची मुलाखत होती आणि घरी सांगितलं नव्हतं. धाकटी शरणम्मा नऊ वर्षांची. तिला बिंदगीमागं बसवलं. "मी आलेच. उठू नको, नंबर जाईल," म्हणाले आणि एसटीत बसले.

परतीची गाडी चुकली, असं मी घरी सांगितलं. चुकली नव्हती. नांदेडला मावशीकडं नळाला पाणी होतं. वर्षभरानं मी बादलीभर पाण्यानं अंघोळ केली, मग आणखी एक बादली घेतली आणि तिथंच झोपले.

शरणम्माची पाळी आली तेव्हा बायका म्हणाल्या, भर गं. ती म्हणाली, आक्का आल्यावर. मग पाणी आटलं. दिवसभर ती उन्हात होती. आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून पुरतात. तिला बसवायला काहीच करावं लागलं नाही, असं गावातली भामाकाकू पुढं कितीतरी वर्षं सांगायची.

पुढच्या टँकरला बिंदगी डाळ मिलच्या भिंतीपाशी सरकली होती. त्यानंतरचा टँकर संपला तेव्हा तिच्यापुढं एकही भांडं उरलं नव्हतं. मी प्रत्येक वेळी गेले. पोरगी मला दिसली नाही. मागची माती मात्र एका बैठकीएवढी साफ असायची.

"म्हणती, आक्का यायलीय," तुळजाबाई म्हणाल्या. "तिला उठवा तरी जरा. तोंड पार सुकलंय."

उद्याच्या टँकरला बिंदगीची पाळी येणार होती. आणि मन्मथ गाडी घेऊन उद्याच येणार होता. मी रात्रभर खोक्यांकडं बघत राहिले. एकदा शब्द देऊन गेले होते. आता न सांगताच जायचं होतं.

उजाडताच मी खांबापाशी गेले. बिंदगी पहिली होती. मागं कुणी नव्हतं.

"शरू, ऊठ आता," मी म्हणाले. "मी बसते."

आणि बसले. ऊन अजून पडलं नव्हतं, तरी खालची माती ऊबदार होती. गुडघे दुखले नाहीत.

नऊला मन्मथची गाडी आली. तो घरात गेला, बाहेर आला. "आई," त्यानं हाक मारली. त्याची नजर ओळीवरून फिरली. माझ्यावरूनही फिरली.

"काकू, आई कुठं गेली?"

"मला तर दिसल्या न्हाईत बाबा," तुळजाबाई म्हणाल्या. "थांब, हिला विचारू."

त्या माझ्यासमोर येऊन वाकल्या. चौतीस वर्षांपासूनची माझी शेजारीण. त्यांनी माझ्या कपाळावरचे केस मागं सारले.

"पोरी, आक्का कुठंय गं तुझी?"

मन्मथ दोन पावलांवर उभा होता. मला त्याला हाक मारायची होती.

"आलीच," मी म्हणाले. "मी उठले तर नंबर जाईल."