आठवा

माझा डावा कान उजव्या कानापेक्षा दोन मिलिमीटर वर आहे. पंधरा वर्षं घरात कोणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं ते चष्म्याच्या दुकानातल्या मुलाच्या.

अकरावीचा पहिलाच आठवडा होता. मी नवा चष्मा न्यायला गेले, तेव्हा दुकानदार काका जेवायला गेले होते आणि काउंटरमागे त्यांचा मुलगा एका जुन्या खोक्यावर पेन्सिलीनं काहीतरी रेखाटत बसला होता. त्यानं चष्मा माझ्या नाकावर ठेवला, दोन पावलं मागे सरकला आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"चष्मा सरळ आहे," तो म्हणाला. "तूच तिरकी आहेस."

मग त्यानं एक काडी गरम करून हलकेच वाकवली आणि चष्मा पुन्हा माझ्या कानांवर बसवला. काडी अजून कोमट होती. नव्या काचांतून मला स्पष्ट दिसलेला पहिला चेहरा त्याचा होता... नमुना एकच असला की निष्कर्ष काढू नये, असं मी घरी जाईपर्यंत स्वतःला बजावत राहिले.

दुसऱ्या दिवशी कळलं की तो आमच्याच शाळेत, आमच्या वर्गासमोर, चित्रकलेच्या वर्गात आहे. मधे फक्त व्हरांडा. त्यांच्या वर्गात चाळीस मुलं, आमच्या विज्ञानाच्या वर्गात सात. त्यात जुळ्या बहिणी दोन, आणि एक मुलगा असा की बाईंनी 'पाणी शंभर अंशाला उकळतं' म्हटलं तरी तो 'हरकत आहे' म्हणायचा. त्याला आम्ही वकील म्हणायचो. शाळेचा नियम होता आठचा. शुक्रवारपर्यंत आठवं नाव आलं नाही, तर वर्ग बंद आणि आम्ही सातजण सात दिशांना.

शुक्रवारी दुपारी बाईंनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. सातजणांवर वर्ग चालवायला मुख्याध्यापिका तयार झाल्या आहेत, सोमवारी सगळ्यांना सांगू, असं त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. आणि चार वाजता चष्म्याच्या दुकानात जाऊन त्या मुलाला सांगितलं की एक नाव कमी पडतंय, तू आला नाहीस तर आमचा वर्ग बंद होईल.

आयुष्यात मी त्याआधी आणि त्यानंतर इतकं सफाईदार खोटं बोललेले नाही.

त्यानं विचारलं, त्याला काय काय यावं लागेल. मी म्हटलं, मोजता आलं तरी पुरे. तो बराच वेळ हातातल्या पेन्सिलीकडे पाहत राहिला. मग ती कानामागे खोचत म्हणाला, "सातजणांचा शाप कोण घेणार?"

सोमवारी हजेरी घेताना बाई शेवटच्या नावावर थांबल्या. "हा आठवा कुठून आला?" त्यांनी हजेरीपटावरून माझ्याकडे पाहिलं, अंमळ जास्तच वेळ पाहिलं, आणि सातजणांच्या मंजुरीचा विषय कधीच काढला नाही. त्याचं नाव मात्र त्या दिवसापासून आठवा पडलं.

प्रयोगशाळेत आम्ही एका टेबलावर आलो. ब्युरेटच्या काचनळीतली पातळी तो उभ्यानं वाचायचा आणि मी वाकून; आमच्या आकड्यांत रोज फरक. डोळा पातळीच्या रेषेत हवा, हे मी त्याला शंभरदा सांगितलं. मग तो गुडघे दुमडून माझ्या शेजारी इतक्या जवळ यायचा की मलाच आकडा दिसेनासा व्हायचा. तो म्हणायचा, "लिही की. हात का थांबला?" मी म्हणायचे, थेंब पडायचाय अजून.

त्याच्या जर्नलमधल्या आकृत्या बाई सगळ्या वर्गाला दाखवायच्या आणि त्याखालची उत्तरं लपवायच्या. समीकरणांशी त्याचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. तरी तो टिकला. जुळ्या बहिणींनी चाचणीत एकमेकींचे पेपर अदलाबदलीनं लिहून दोघीही नापास होण्याचा पराक्रम केला तेव्हा टिकला. दुसऱ्या वर्षी वकिलाच्या वडिलांची बदली झाली आणि वर्गात पुन्हा सातजण उरले, तेव्हाही. "माझी बढती झाली," तो म्हणाला, "पण नाव आठवाच ठेवा, सवय झालीये."

चित्रकलेचे सर व्हरांड्यात भेटले की मला हसत म्हणायचे, माझा विद्यार्थी पळवलास गं. मी पण हसायचे. आणि त्या दिवशी डबा तसाच परत न्यायचे.

सांगायचं मी ठरवलं होतं. पहिल्या सहामाहीनंतर ठरवलं, वार्षिक परीक्षेनंतर ठरवलं, त्याला रसायनशास्त्रात काठावर गुण मिळाले तेव्हा तर तारीखच ठरवली. मोठ्या ताईला सगळं ठाऊक होतं. ती म्हणायची, "दुखणं आणि खोटं अंगावर काढू नये." पण सांगितलं तर तो व्हरांडा ओलांडून परत जाईल, आणि माझ्याकडे कधीच बघणार नाही, एवढं गणित मला येत होतं.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांच्या जर्नलच्या शेवटच्या पानावर काहीबाही लिहिलं. जुळ्या बहिणींनी कविता लिहिली, एकीनं एक ओळ, दुसरीनं दुसरी. त्यानं एकच शब्द लिहिला: 'आठवा'. सही म्हणावी तर सही, विनंती म्हणावी तर विनंती. इतक्या आदरानं मला आजवर कोणी काही सांगितलं नव्हतं.

निकालानंतर आठवड्यानं कळलं की चित्रकलेच्या सरांनी त्याच्यासाठी कला महाविद्यालयाचा अर्ज आणून ठेवलाय. आणि तो मात्र दुसराच अर्ज भरतोय, विज्ञानाचा. मी जाणार होते त्याच शहरातला. त्या दिवशी पाच वाजता मुदत संपत होती.

मी साडेतीनला दुकानात पोचले. दोन्ही अर्ज काउंटरवर होते. एक कोरा, एक अर्धा भरलेला.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "मूलद्रव्यं परत पाठ करावी लागणार. आठव्याच्या नशिबात दुसरं काय?" मग माझ्याकडे पाहून उठला. "चष्मा पुन्हा कललाय."

त्यानं दोन्ही हातांनी काड्या धरल्या. चष्मा निघाला की मला समोर नुसता रंगाचा ठिपका दिसतो. ठिपक्याशी बोलणं सोपं होतं. दोन वर्षं मी सोपं तेच करत आले होते.

मी त्याचे हात तसेच धरून ठेवले.

"काढू नकोस," मी म्हटलं. "मला तू नीट दिसायला हवास."

तो थांबला. त्याचा अंगठा माझ्या डाव्या कानापाशी होता; त्या वर असलेल्या.

मी एका हातानं कोरा अर्ज अर्धवट भरलेल्या अर्जावर सरकवला. "आधी हा भर. माझ्यासाठी व्हरांडा एकदा ओलांडलास, तेवढं पुरे."

"तुझ्यासाठी कुठे? वर्ग बंद पडत होता म्हणून—"

"नव्हता पडत." मी म्हटलं. "त्या शुक्रवारी मी इथे आले, त्याच्या चार तास आधी बाईंनी मला सांगितलं होतं. सातजणांवर वर्ग मंजूर झाला होता."

त्याचे हात तिथेच राहिले. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्यानं कोऱ्या अर्जाकडे पाहिलं, मग माझ्याकडे... अगदी पातळीच्या रेषेत.

"मग आलीस कशाला?"

"वर्गाला आठवा नको होता," मी म्हटलं. "मला तू हवा होतास."