पाठमोरी

ठकीचं काम घरबसल्याचं. लोक तिला फोटो पाठवायचे, बाळाच्या पहिल्या वर्षाचे, सहलीचे, कुणाच्या निवृत्तीचे, आणि ती कॉम्प्युटरवर त्यांची स्क्रॅपबुकं करून द्यायची. फाटक्या कडेचा कागद, एखादं बटण, रिबीन, टाचणी आणि मधोमध फोटो. सगळं पडद्यावरचं, पण बघणाऱ्याला वाटायचं, नख लावलं तर बटण निघून हातात येईल. ती करामत सावलीची. प्रत्येक वस्तूखाली एक मऊ करडी सावली सरकवायची. उजेड डावीकडून येतोय असं एकदा ठरवलं की शेवटच्या पानापर्यंत त्याला जागायचं. मग सपाट पानाला खोली येते.

त्या दुपारी ती स्वतःचंच स्क्रॅपबुक करायला बसली होती. लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या सासूबाई हौसेने म्हणाल्या होत्या, "तुझ्या लहानपणाचं एक पुस्तक कर गं. आमची सून कशी होती ते आम्हालाही कळू दे."

लहानपणाचे फोटो म्हणजे मावशीचे फोटो. आई नोकरीला, वडील कायम फिरतीवर. ठकीला न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं, तापात उशाशी बसून जपलं ते मावशीने. 'ठकी' हे नावही तिनेच ठेवलेलं. मावशीने लग्न केलं नव्हतं. ती यांच्याकडेच राहायची. तिच्या चेहऱ्यावर आणि हातांवर कोड होतं.

आईने आदल्या दिवशी दार लोटून घेऊन हळूच सांगितलं होतं, "मावशीला नको घेऊस त्यात. घराण्यात आहे म्हणतील. एकदा लग्न होऊ दे... मग बघू."

ठकी आईशी भांडली नाही. खरं तर तिला हायसंच वाटलं. आई बोलली नसती तरी तिने तेच केलं असतं, आणि हे तिचं तिलाच पक्कं ठाऊक होतं. चौथीत असताना शाळेच्या फाटकाशी मैत्रिणीने विचारलं होतं, "तुला न्यायला येते ती कोण?" ठकी म्हणाली होती, "आमच्याकडे कामाला आहे." मागे वळून बघते तो मावशी दोन पावलांवर, हातात ठकीची पाण्याची बाटली घेऊन उभी.

अकरा फोटो होते. ठकीने एकेकातून मावशी कापली. कानाच्या कडा, कपाळावरचे भुरभुरे केस, अगदी निगुतीने. रिकाम्या जागी मागची भिंत ओढून घेतली, कुठे गवत पसरलं. एका फोटोत छोट्या ठकीने मावशीचं बोट धरलं होतं. मावशी गेल्यावर हात तसाच अधांतरी राहिला. ठकीने त्यात फुग्याची दोरी दिली. फुगा लाल. छान दिसला.

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आली. ठकीने घाईघाईने दुसरंच काहीतरी पडद्यावर आणलं.

"झालं का गं पुस्तक?"

"होतंय."

"मी आहे का कुठे? की सगळीकडे तूच मिरवतेयस?"

"आहेस की. सगळीकडे आहेस."

"बरं बरं." मावशीने कप ठेवला. "त्यातल्या त्यात डावीकडून काढलेले घे हो. डावीकडून मी बरी दिसते."

ती गेली. चहावर साय धरली तरी ठकीने कपाला हात लावला नाही. मग कामाला लागायचं म्हणून तिने सावल्या द्यायला घेतल्या. फुग्याची सावली नीट पडली, बटणाची पडली. आणि फुगा धरलेल्या मुलीच्या शेजारी, गवतावर, आणखी एक सावली पडली. उंच. बाईमाणसाची.

पुसायची राहिली असेल, असं तिला वाटलं. तिने खोडली. पान वर सरकवून खाली आणलं, तर सावली जागच्या जागी. बाजूच्या यादीत एकेक लेयर, म्हणजे पानावरच्या प्रत्येक वस्तूचा वेगळा थर, तपासला. त्या सावलीचा लेयरच नव्हता. तिने पुढचं पान उघडलं. तिथेही. त्याच्या पुढचं... तिथेही. सगळ्या सावल्या उजवीकडे झुकलेल्या आणि ही एकटी डावीकडे.

दुपार टळटळीत होती. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं.  मूळ फोटोतच काही असेल म्हणून तिने मूळ फोटो उघडला.

छोटी ठकी कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. मावशी तिचं बोट धरून उभी होती. पाठमोरी.

तासाभरापूर्वी ठकीने तो चेहरा स्वतःच्या हाताने कापला होता. दुसरा फोटो, तिसरा, अकरावा... सगळ्यांत मावशीची पाठ. तिने आईचं कपाट उघडलं आणि कागदी फोटोंचा पत्र्याचा डबा जमिनीवर उपडा केला. जुन्या फोटोंचा आंबूस वास खोलीभर पसरला. अंबाडा आणि पाठ. अंबाडा आणि पाठ. जणू त्या बाईला कुणी सांगितलं होतं, तोंड दाखवू नकोस.

स्वयंपाकघरात भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला. नुसता नळ वाहत राहिला.

ठकी दारापर्यंत गेली. मावशी मोरीपाशी उभी होती, अगदी फोटोतल्यासारखी. हलत नव्हती.

"मावशी..."

ठकीने उंबऱ्यावरूनच पुन्हा हाक मारली.

"मावशी, ऐक ना... इकडे बघ."

आणि त्याच क्षणी ठकीला वाटलं, नको, वळू नको. वळलीस आणि तिकडेही अंबाडाच असला तर?

मावशी वळली. नेहमीचाच चेहरा, नेहमीचेच पांढरे डाग, हाताला साबण. "अगं, नळाच्या आवाजात ऐकू आलं नाही. काय झालं? अशी का बघतेस?"

सगळं सांगून टाकावं, असं ठकीच्या अगदी ओठांवर आलं. बाहेर पडलं ते भलतंच. "काही नाही. चहात साखर जास्त झाली होती."

संध्याकाळी तिने होणाऱ्या नवऱ्याला फोन केला. मावशीला कोड आहे आणि तिनेच मला वाढवलंय, हे एका दमात सांगून टाकलं. तो हसलाच. "मी घाबरलो ना, म्हटलं काय सांगतेयस! आई येईल की त्यांना भेटायला." आईलाही तिने सांगितलं, मावशी पुस्तकात असणार. आई थोडी रडली, पण तिने अडवलं नाही.

सकाळी डब्यातले फोटो पाहिले. मावशी सगळ्यांत समोर बघत होती.

ठकीने पुस्तक पहिल्यापासून नव्याने केलं. छापून आल्यावर मावशीने चष्मा लावून एकेक पान पाहिलं, पानांवरून हात फिरवला. "अगंबाई, मी तर खरंच सगळीकडे आहे! तू म्हणालीच होतीस."

"हो ना," ठकी म्हणाली.

एवढंच. आधीच्या पुस्तकाबद्दल, शाळेच्या फाटकाबद्दल, एक अक्षर नाही. मावशीचा आनंद कशाला मोडायचा, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण त्या रात्री मावशी तिच्या केसांना तेल लावायला बसली, तेव्हा ठकीला मान वर करवेना.

आठवड्याने ती लग्नाच्या नोंदणीसाठी फोटो काढायला स्टुडिओत गेली. फोटोग्राफर म्हातारा, बोलका. त्याने एक फोटो काढला, दुसरा काढला, भिंग पुसलं, तिसरा काढला. मग त्याची बडबड बंद झाली.

"ताई... समोर बघा ना."

"समोरच बघतेय."

"हो... ते दिसतंय मला."

त्याने कॅमेऱ्याचा पडदा तिच्याकडे फिरवला. पहिल्या फोटोत तिचा एक गाल होता. दुसऱ्यात नुसता कान. तिसऱ्यात केस, आणि केसांखाली मानेवर एक तीळ, जो तिने स्वतः जन्मात कधी पाहिला नव्हता.