पाटीतले मामा

पैज लागली तेव्हा मेहबूब टेलर स्वतःच्या उंबऱ्यावर उकिडवा बसून दात घासत होता आणि समोरच्या ओसरीवर अंकुश ढावरे चहा फुंकत होता. दोघांच्या मधे बारा फूट रस्ता आणि चुन्याच्या दोन रेघा. काजळी तापाच्या दिवसांत कुर्डुवाडीच्या त्या गल्लीत सगळ्या गप्पा अशाच ओरडून चालायच्या. त्यामुळे कुणाचं काही खासगी उरलं नव्हतं, पण करमणूक भरपूर होती.

तेवढ्यात अंकुशच्या घरातून अंकुशचा आवाज आला.

"ए कस्तुरे, ऊठ. आठ वाजले. तुझ्या वेणीत काल चिमणी घर बांधत होती, मी बघितलंय. ऊठ, नाहीतर अंडी घालंल ती."

मेहबूबनं ब्रश तोंडातून काढला आणि अंकुशच्या ओठांकडे टक लावून बघितलं. ओठ बशीला चिकटलेले होते.

"अंकुशभाऊ, तोंड तर बंदय तुमचं."

"पाटी आहे ती," अंकुश करवादला.

तापामुळे शाळा बंद झाल्यावर शाळेची पाटी प्रत्येक पोराला मिळाली होती, वहीएवढी, काळी, बोलणारी. मास्तर त्यातून शिकवायचे. पण पोरं उठायचीच नाहीत, उठली तर बसायची नाहीत. मग कोळेकरबाई, म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई, यांच्या लक्षात आलं की पोरांना मास्तरांपेक्षा शिपायाची, अंकुशची, आठवण जास्त येते. पोरं विचारत होती, घंटा का वाजत नाही, अंकुशमामा ओरडत का नाहीत. बाईंनी वरच्या ऑफिसला लिहिलं आणि पंधरा दिवसांत चारशे बारा पाट्यांमध्ये अंकुशचा आवाजजुळा येऊन बसला. आवाजजुळा म्हणजे आवाजाचा जुळा भाऊ. नुसता आवाज नाही, बोलण्याची ढब, चिडवणं, थांबणं, खाकरणं, सगळं. बाईंनी सहीचा कागद पुढं केला तेव्हा अंकुशला वाटलं होतं, रेकॉर्डिंग असणार. तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेला. तिथं त्याला कळलं की रेकॉर्डिंग कधीच झालंय. व्हरांड्यातले कॅमेरे अकरा वर्षं त्याचं बोलणं ऐकत होते.

पोरं त्याला 'पाटीतले मामा' म्हणत. आता ते एकाच वेळी चारशे बारा घरांत चारशे बारा पोरांना वेगवेगळ्या टोपणनावानं उठवत होते.

घरातून वैजूचं हसू ऐकू आलं. वैजयंता, अंकुशची बायको. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि असं पोट धरून हसलेलं त्यानं शेवटचं कधी ऐकलं होतं ते त्याला आठवेना.

मेहबूबचे डोळे चमकले. गल्लीत कुणाच्या दुखऱ्या जागी बोट ठेवायचं हे त्याला शिकवायला लागत नसे.

"वहिनींचा आवाज लई दिवसांनी ऐकला," तो म्हणाला. "हसतायत की. तुमच्यापेक्षा तो बरा दिसतोय."

"मशिनय ते. बायको मला ओळखती, मशिनला नाही."

"डोळं झाकून?"

"डोळं झाकून, कान अर्धा उघडून, एका शब्दात."

"लावता पैज?"

आणि लागली. आठ दिवसांनी, रविवारी, वैजूवहिनी डोळे मिटून दोन्ही आवाज ऐकतील आणि खरा कोणता ते सांगतील. ओळखलं, तर मेहबूबनं स्वतः शिवलेलं परकर-पोलकं घालून दिवसभर दुकानाच्या पायरीवर मशीन चालवायची. नाही ओळखलं, तर अंकुशनं शाळेची घंटा घेऊन 'मी नकली' म्हणत गल्लीच्या चौदाही दारांसमोर उभं राहायचं. भिंतीपलीकडून दोन आज्यांनी आणि एका रिटायर्ड पोस्टमननं साक्ष दिली.

पैज लावताना अंकुश हसत होता. चहा संपेपर्यंत त्याचं हसू उतरलं.

गोष्ट अशी होती की तो स्वतःच्याच घरात पाहुणा झाला होता. शाळेच्या अर्ध्या वर्गांत आता आजारी माणसं होती. अंकुश तिथं खाटा लावायचा, फवारा मारायचा, ताटं पोचवायचा. भिंतीवर बे एके बे आणि खाली तापानं जीभ काळी पडलेली माणसं. तिथं काम करणाऱ्यानं घरात यायचं नाही असा नियम होता. म्हणून दोन महिने तो ओसरीवर झोपत होता. वैजू खिडकीतून ताट सरकवायची, तो जेवायचा आणि खिडकीकडे तोंड करून एक वाक्य बोलायचा. बहुतेक वेळा ते वाक्य मिठाबद्दल असायचं.

आत मात्र पाटी खिडकीच्या फळीवर उभी असायची आणि लेकीचा, कस्तुरीचा, तास संपला तरी बोलत राहायची.

"ताई, गुडघा कसा आहे?" त्या संध्याकाळी त्यानं ऐकलं. त्याचाच आवाज. फक्त इतका मऊ, की त्याला स्वतःच्याच गळ्याचा संशय आला.

"आहे तसाच," वैजू म्हणाली. "कणीक मळायला खाली बसले की कळ मारतो."

"मग ओट्यावर मळा की. कशाला बसता खाली? थांबा, कस्तुरीला सांगतो परात वर ठेवायला."

अंकुशनं हातातला घास ताटात परत ठेवला. ताई म्हणतोय, ठीक आहे. शाळेत येणाऱ्या सगळ्या आयांना तो ताईच म्हणायचा. पण बायकोचा गुडघा दुखतो ही बातमी त्याला पाटीकडून कळावी? आणि वैजूनं ती पाटीला सांगावी?

"भाजी खारट झालीय," तो खिडकीकडे बघून ओरडला.

आतलं बोलणं थांबलं. मग हळू आवाजात पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी तो कोळेकरबाईंच्या केबिनबाहेर, रेघेच्या अलीकडे उभा राहिला.

"बाई, ते बंद करता येतं का? निदान आमच्या घरी तरी."

"का हो मामा? हजेरी तीनशे नव्वदवर गेलीय. इतकी तर शाळा भरायची तेव्हाही नव्हती."

"माझ्या बायकोशी बोलतं ते."

बाईंनी मास्कमागे हसू दाबलं, पण डोळ्यांनी चहाडी केली. "ज्या घरात बसतं तिथलं थोडं उचलतं ते. घरची बोली शिकतं, म्हणजे पोरांना परकं वाटत नाही. पण मुळात सगळं तुमचंच आहे, मामा."

"माझं नाही. मी असं गोड बोलत नाही."

"बोलता की. सातवीतली ती पोरगी पडली होती, आठवतंय? तिच्या गुडघ्यावर फुंकर घालत अर्धा तास बसला होता तुम्ही. शाळेत तुम्ही असेच बोलता."

हेच त्यानं नीट ऐकायला हवं होतं. पण मत्सरानं कान भरले की असलं काही आत जात नाही. अंकुशच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता, की त्या मेल्याला गोड बोलता येतं आणि मला येत नाही. मग शिकायला काय हरकत आहे?

त्यानं शिकायला घेतलं. रोज ओसरीवर खिडकीखाली बसून तो पाटीतल्या मामाची वाक्यं शाळेच्या फाटकावरच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर उतरवू लागला. 'तुम्ही आधी खा.' 'कशाला बसता खाली.' 'दमलात का.' खाटांच्या रांगेत तो ती पुटपुटत फिरायचा. एका म्हातारीला त्यानं चुकून विचारलं, "आजी, गुडघा कसा आहे?" म्हातारी म्हणाली, "बाबा, मला ताप आहे. गुडघ्याचं शेवटी बघू."

एवढी तयारी करूनही घरी आला की ताट समोर यायचं आणि तोंडातून तेच जुनं बाहेर पडायचं. रविवारी दाखवतो, तो मनाशी म्हणायचा. रविवारसाठी त्यानं सगळं गोड राखून ठेवलं होतं. आणि खिडकीतली पाटी रोज त्याचं खारट तेवढं ऐकत होती.

रविवारी सकाळी गल्ली आपापल्या दारात खुर्च्या टाकून बसली. कोळेकरबाईंनी दोन पाट्या दिल्या होत्या, एक अंकुशच्या हातातल्या पाटीला जोडलेली, दुसरी पाटीतल्या मामांची; आणि मामांना सांगितलं होतं, आज नवरा म्हणून बोला. बाई हे पैजेसाठी करत होत्या की स्वतःच्या गमतीसाठी, ते विचारायची कुणाची टाप नव्हती. खरा अंकुश मेहबूबच्या दुकानात अर्ध्या उतरवलेल्या शटरमागे, हातात तिसरी पाटी घेऊन, कापडाच्या गठ्ठ्यावर बसला होता. मेहबूबनं हौसेनं मोरपंखी परकराचं कापडसुद्धा टेबलावर काढून ठेवलं होतं.

"हरलात तर घंटा, जिंकलात तर मी मोर," तो शटरखालून डोकावून म्हणाला. "कसंही झालं तरी गल्लीचा फायदाच."

फवारा मारलेल्या ओसरीवर वैजू डोळ्यांना पदर बांधून बसली. कस्तुरीनं तिच्या पुढ्यात दोन पाट्या ठेवल्या.

"विचार, वैजू," पलीकडची आजी ओरडली.

वैजूनं पदराची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "सकाळी काय खाल्लं?"

"मी खाल्लं गं," पहिली पाटी म्हणाली. ती अंकुशची होती. "तू खाल्लंस का? तू आधी खा. दमत असशील."

गल्लीत 'आई गं' झालं.

"काय खाणार," दुसरी पाटी म्हणाली. "वांग्यात मीठ जास्त होतं."

गल्ली फुटली. पोस्टमन तर खुर्चीवरून घसरलाच. शटरमागे अंकुशनं पाटी कानाशी धरली. ते त्याचं वाक्य होतं. काल रात्रीच्या जेवणाचं, शब्दाला शब्द.

वैजू हसली नाही. "माझा कुठला गुडघा दुखतो?"

अंकुशनं तोंड उघडलं. नोंदवहीचं पान त्याच्या मांडीवर होतं. त्यात गुडघा होता, ओटा होता, परात होती. कुठला गुडघा, ते नव्हतं.

"दोन्ही," पहिली पाटी म्हणाली. "म्हणजे... जास्त करून उजवा."

"डावा," दुसरी पाटी म्हणाली. "शंभरदा सांगितलं खाली बसू नको. ऐकतीस कुठं."

या वेळी कुणी हसलं नाही. शटरच्या फटीतून अंकुशला वैजूचे हात दिसत होते. ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती.

"शेवटचं," ती म्हणाली. "मला हाक मारा."

अंकुशनं डोळे मिटले. एकोणीस वर्षांत त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती.

"वैजू," पहिली पाटी म्हणाली, आणि आवाज शेवटी फाटला.

"अगं ए, कुठंयस?" दुसरी म्हणाली.

वैजूचा हात आधी पहिल्या पाटीकडे गेला. तिथं थोडा घुटमळला. मग उचलून तिनं तो दुसरीवर ठेवला.

"हे आमचे," ती म्हणाली.

मेहबूबनं शटर इतक्या जोरात वर केलं की गल्लीतली कुत्री उठली.

सोमवारी सकाळी आठ वाजता वसुली झाली. शाळेची घंटा म्हणजे छोट्या रेल्वेच्या जुन्या रुळाचा हातभर तुकडा. अंकुशनं तो शाळेच्या लिंबावरून सोडवून आणला, काठीला लटकवला, काठी खांद्यावर टाकली आणि लोखंडी बोल्टनं ठोका दिला. दोन महिन्यांत गल्लीनं खरी घंटा ऐकली नव्हती. खिडक्याखिडक्यांत पोरं जमली, काही तर सवयीनं दप्तर शोधायला पळाली.

"मी नकली," पहिल्या दारासमोर अंकुश म्हणाला.

"ऐकू आलं नाही," मेहबूब मागून म्हणाला. तो रेघेपलीकडून बरोबरीनं चालत होता, गळ्यात टेप, हातात मोरपंखी कापड झेंड्यासारखं.

"मी नकली."

"आता कसं."

दुसऱ्या दारात आज्यांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या दारात एका पोरीनं विचारलं, "मामा, तुम्ही नकली तर माझ्या पाटीतले कोण?" त्यानं आणखी एक ठोका दिला आणि पुढं गेला. सातवं दार झालं. आठवं त्याचं स्वतःचं होतं.

वैजू खिडकीत तांदूळ निवडत होती. ओट्यावर, उभ्यानं. तिच्यामागं फळीवर पाटी होती.

"मी नकली," तो म्हणाला. या वेळी हळू.

"ऐकलं."

"खरं सांग. ओळखलं नाहीस?"

वैजूनं एक खडा काढून बाहेर टाकला. "ओळखलं असतं, तर आज दुपारपासून परत मीठ सुरू झालं असतं."

"म्हणजे ओळखलंस."

"म्हणजे काल कुणीतरी मला नावानं हाक मारली. तेवढं कळलं." ती सुपातच बघत होती. "शाळेत पोरांशी कसं बोलता, ते मला महिन्याभरापूर्वी कळलं. पाटीतून. मी विचार करत होते, हा माणूस होता कुठं इतकी वर्षं? आणि संध्याकाळी घरी यायचा तो कोण होता?"

अंकुशच्या खांद्यावर रूळ जड झाला. मागं मेहबूब कापड खाली घेऊन उभा होता. अंकुशनं नोंदवहीतलं काही आठवायचा प्रयत्न केला नाही. तो ओसरीवर चढून खिडकीच्या अगदी जवळ उभा राहिला.

"गुडघा कसा आहे?" त्यानं विचारलं.

त्याच क्षणी फळीवरची पाटीही बोलली. तोच आवाज, तेवढाच थांबलेला, तेवढाच फाटलेला. "गुडघा कसा आहे?"

कालचा तो फाटलेला आवाज पाटीनं कधी उचलला?

वैजूनं ना बाहेर बघितलं, ना फळीकडे. सूप हलवलं, तांदळावर एक फुंकर घातली.

"आज जरा बरा आहे," ती म्हणाली.

"अंकुशभाऊ," मेहबूब मागून म्हणाला, नेहमीपेक्षा बऱ्याच हलक्या आवाजात, "अजून सहा दारं राहिलीत."

अंकुशनं बोल्ट उचलला, पण ठोका पडेना. त्याची नजर खिडकीतच अडकली होती. ती म्हणाली, आज जरा बरा आहे. पण दोघांतल्या कुणाला?