थांबवून ठेवलेले टाके

मार्गशीर्षातली सकाळ. वलवणच्या खळ्यावर ऊन नुकतंच उतरलं होतं आणि भाताच्या पेंढ्यांवर एक खाकी लोकरीचं विणकाम पडलं होतं... चार बारीक सुयांना लटकलेलं, अर्धवट.

कोंडाजीच्या लेकीनं, अंबूनं, आजवर मोजा पाहिलाच नव्हता. तिला वाटलं, पिशवी असेल. कुणीतरी छान सरळ विणत आणली होती, आणि शेवटी ती एकदम वाकडी झाली होती. ‘बिचाऱ्याचं काम बिघडलं,’ असं म्हणून तिनं सुया काढल्या आणि धागा ओढला. सर्रर्र... वाकडा भाग गेला. पिशवी सरळ झाली.

“काय करतीस गं?”

मागं महिपती उभा होता. शेजारच्या धोंडाबाईचा भाचा, परंदवडीचा. समुद्रापलीकडं, बसऱ्याच्या लढाईत डावा हात जायबंदी झाला म्हणून पलटणीनं रजेवर धाडलेला.

“वाकडं झालतं. सरळ केलं,” अंबू ऐटीत म्हणाली.

महिपतीनं कपाळाला हात लावला. “अगं, ती टाच होती!”

“कुनाची?”

“माजी! पाय हितं वळतो का न्हाई? मग मोजा नको वळाय?”

अंबूनं आपल्या पायाकडं पाहिलं. खरंच की, वळत होता! तिला हसू आवरेना. तोही हसला, मग उगाच आवाज चढवून म्हणाला, “चार दिसांचं काम उसवलंस. आता रोज हितं बसून बघायचं. हीच शिक्षा.”

शिक्षा अंबूनं आनंदानं भोगली.

तुम्ही कधी मोज्याची टाच नीट पाहिली आहे? कात्री लागत नाही, शिवण लागत नाही. अर्धे टाके सुईवर नुसते थांबवून ठेवायचे, आणि उरलेल्या अर्ध्यांवरच मागं-पुढं विणत राहायचं. हळूहळू तिथं एक वाटी तयार होते. मग थांबलेल्यांना पुन्हा सोबत घ्यायचं, की आख्खा मोजा वळणावरून पुढं निघतो... एकाच धाग्याचा! महिपतीच्या हाताखाली हे पहिल्यांदा घडलं तेव्हा अंबू श्वास घ्यायची विसरली. तिनं वाटीत बोट घालून पाहिलं. आत ऊब होती.

पण तिनं आणखीही काही पाहिलं. त्याची दोन बोटं काटकीसारखी ताठ होती. बसऱ्याच्या इस्पितळातल्या मेमनं ती सुटावीत म्हणूनच त्याला विणायला शिकवलं होतं. प्रत्येक टाक्याला तो ओठ दाबायचा. दहा ओळी झाल्या की एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम यायचा. मान अवघडायची, धाग्यानं बोटाला चरा पडायचा.

“द्या हिकडं, मी इनते,” ती न राहवून म्हणाली.

त्यानं दिलं. तिचे टाके इतके आवळलेले, की सुई पुढं सरकेना.

“गळा दाबतीस व्हय त्याचा? सैल सोड.”

“सैल सोडला... आन् पळून गेला तर?”

महिपती हसला नाही. “अंबू, संक्रांतीनंतर पुन्याला पलटणीच्या डागदरला हात दाखवायचाय. मूठ मिटली तर परत पलटणीत.”

“आन् न्हाई मिटली तर?”

“तर घरी. पर मग नांगर तरी कसा धरू?”

भोगी आली. पहिला मोजा पुरा झाला होता, दुसरा टाचेपाशी आला होता. “बघ,” महिपतीनं हात पुढं केला. मूठ मिटत होती. थोडी फट उरली होती, एवढंच.

चार दिवस विणलं नाही तर बोटं पुन्हा आखडतात, हे अंबूला ठाऊक होतं. दुपारी खळ्यावर कुणी नव्हतं. गंजीच्या खुंटाला त्याची विणकामाची पिशवी लटकत होती. मोजा उसवायचा, सुया वलवणच्या धरणात टाकायच्या. मग तो कुठंही जाणार नाही... तिनं एक सुई ओढून काढली. पंधरा टाके उघडे पडले. कोवळ्या अंकुरांसारखे, आपापल्या जागी उभे.

एक जरी ओढला तरी सगळे जाणार होते. पण प्रत्येक टाक्याला त्यानं दाबलेले ओठ तिनं पाहिले होते. मग एकेक टाका उचलून, श्वास रोखून, तिनं सगळे सुईवर परत घेतले.

“उसवलं का न्हाईस?” महिपती गंजीपाशी उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

“एकेका टाक्याला तुमाला किती दुखलंय... मला ठावं हाय.”

“मी जावं, असं वाटतं तुला?”

“न्हाई!” एवढंच ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

“मला बी न्हाई जायाचं. पर पलटणीत नाव लिवून दिलंय, अंबू.” त्यानं तिच्या हातातला मोजा हलकेच तिच्याच ओंजळीत दाबला. “पहिला मी नेतो. ह्यो तू पुरा कर.”

“टाच मला जमायची न्हाई.”

“अर्धं टाकं थांबवून ठेवायचं.”

“थांबलेलं... किती दिस ऱ्हात्यात?”

“सुई काडली न्हाई तर? कितीबी.”

“मग न्हाई काडायची,” अंबू म्हणाली.

संक्रांतीनंतर महिपती पलटणीत परतला. टाच तिनं सात वेळा उसवली. आठव्यांदा जमली, की जमल्यासारखी वाटली, ते सांगायला कुणीच नव्हतं. धोंडाबाईनं मोजा टपालानं धाडला. पुढं दीड वर्ष गेलं. लढाई थांबली, आणि एक दिवस धोंडाबाईला पत्र आलं: पुण्यात सुखरूप पोचलो, कोंडाजी आबांकडं अंबूसाठी शब्द टाका. मोज्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

लग्नाच्या दिवशी मधे अंतरपाट धरला. अक्षता पडत होत्या आणि बायका पदराआड हसत होत्या. अंबूनं खाली पाहिलं. अंतरपाटाखालून नवरदेवाचे पाय दिसत होते... खाकी मोजे घातलेले! एक ढगळ. दुसरा घोट्यापर्यंत ढगळ, पण पुढं पायावर इतका घट्ट, की बोटं मोजता यावीत.

तिनं पाहिलंय, हे त्याला कसं कळलं कोण जाणे. घट्ट मोज्यातला पाय त्यानं हळूच तिरका केला.

टाच टाचेवर बरोबर बसली होती.